हिरव्या तारेची जागा

अण्णांच्या नजरेतून चूक सुटून गेली असं आमच्या घरात फारसं घडत नसे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. पाटबंधारे खात्यात त्यांनी नोकरीभर कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढले. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना शाल दिली, पण त्यांचा डोळा काही निवृत्त झाला नाही. विश्रांतवाडीच्या आमच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर एका बाजूला जरासं उतरलं तरी त्यांना जेवण जात नसे. आईने ताटात लिंबाची फोड चुकीच्या बाजूला वाढली तर ते बोलत नसत, फोड उचलून तिच्या जागी ठेवत आणि मग आईकडे बघत. एकदा आळंदी रस्त्यावर बसथांब्याची पाटी वाकडी लागलेली बघून त्यांनी आलेली बस सोडली, शेजारच्या पंक्चरवाल्याकडून पाना मागून आणला आणि पाटी सरळ केली. पुढची बस पाटीपाशी न थांबता पुढे गेली तेव्हा, ‘चालकाची चूक,’ एवढंच म्हणाले. सगळ्यात जास्त चीड त्यांना एका रेघेने दुसरीला ओलांडण्याची. नकाशात दोन रेघा विनाकारण एकमेकींवरून गेलेल्या दिसल्या की ते म्हणत, “इथे काढणाऱ्याला डुलकी लागली होती.” ही गोष्ट त्या डुलकीची आहे.

मी तेव्हा पदवी घेऊन हार्डवेअर आणि नेटवर्किंगचा एक कोर्स केला होता, आणि दिवसा एका दुकानात सुटे भाग जोडून संगणक तयार करायला जात होते. ते दिवसच असे होते की पुण्यात कुठल्याही बोळात शिरलं तर एक तरी संगणकाची पाटी दिसायची. आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याने अर्ध्या गाळ्यात सायबर कॅफे काढला होता आणि तिथल्या कळफलकावर कायम ज्वारीचं पीठ असायचं. सगळ्यांना संगणक घ्यायचे होते आणि घेतलेले एकमेकांना जोडायचे होते. अण्णांना मात्र मी बँकेच्या परीक्षेला बसायला हवी होती. त्यासाठी त्यांनी एक मार्गदर्शक पुस्तक आणून ठेवलं होतं, उशीएवढं जाड. रोज सकाळी ते पुस्तक माझ्या चहाच्या कपाशेजारी असायचं आणि रोज मी त्याच्यावर कप ठेवायचे.

“तू नक्की काय काम करतेस?” त्यांनी एकदा विचारलं.

“कॉम्प्युटर एकमेकांना जोडते. म्हणजे ते एकमेकांशी बोलतात.”

“या घरात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “आणि ही यंत्रांना बोलकं करायला निघालीय.”

अशात मला माझ्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम मिळालं. सदाशिव पेठेत लिमये बाईंची टंकलेखन संस्था होती. मी तिथेच टायपिंग शिकले होते. एक लांबलचक अरुंद हॉल, त्याच्या मागे एक खोली, आणि दिवसभर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा टाइपरायटरांचा आवाज. बाईंनी आता निम्मे टाइपरायटर भिंतीकडे सारून संगणक घ्यायचं ठरवलं होतं. बाई कमी बोलत, पण बोलल्या की समोरचा घरी जाईपर्यंत त्यावर विचार करत राही.

“तू केबली करतेस म्हणे,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

“मग विकतच्या का घेऊ नयेत मी?”

“विकतच्या ठरलेल्या लांबीच्या मिळतात. त्या तुमच्या मागच्या खोलीपर्यंत पोचणार नाहीत. मी भिंतीच्या मापाने करून देईन.”

“शिवून घेतल्यासारख्या.”

“हो, तशाच.”

“ठीक. बाही तोकडी आली तर काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेव.” आणि त्यांनी एक अट घातली. यंत्रं आदल्या संध्याकाळी येतील, मांडली जातील, केबली लागतील. पण दसऱ्याच्या मुहूर्तावर पूजा होईपर्यंत एकाही यंत्राचं बटण कुणी दाबायचं नाही. “नवीन वस्तू आधी वापरून मग तिची पूजा करत नाहीत,” बाई म्हणाल्या. मला ते तेव्हा गंमतीचं वाटलं. हल्ली एखादा ग्राहक असं म्हणाला तर मी काम घेत नाही.

घरी येऊन सांगितल्यावर अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चार कोन जुळतील अशी. “मग असं ठरवू,” ते म्हणाले. “विजयादशमीला त्या बाईंची सगळीच्या सगळी यंत्रं एकमेकांशी बोलली, तर मी परीक्षेचं नाव काढणार नाही. एक जरी मुकं राहिलं, तर तू हे पुस्तक पहिल्या पानापासून उघडायचं.” मी हो म्हटलं. त्यांच्या शब्दावर मला पूर्ण विश्वास होता. अण्णा दिलेला शब्द मोडत नाहीत, फार तर दुरुस्त करतात.

केबल घरी करायची म्हणजे काय, ते ज्यांनी केलेलं नाही त्यांना सांगते. बुधवार पेठेतून केबलचा मोठा खोका आणायचा. त्याच्या एका भोकातून टोक बाहेर आलेलं असतं, ते ओढलं की हवी तेवढी केबल येते. ती कापायची, टोकाचं साल काढायचं. आत आठ बारीक रंगीत तारा निघतात, दोन-दोनच्या जोडीने पीळ घातलेल्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीबरोबर तिच्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. पीळ सोडवून त्या ओळीने सपाट धरायच्या, पारदर्शक प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि खास पक्कडीने दाबायच्या. कट्ट असा आवाज आला की झालं. दोन्ही टोकांना तारांचा क्रम तोच पाहिजे. एवढंच.

माप आणि कात्री म्हटल्यावर माझ्या मनात आत्याशिवाय कुणी आलं नाही. अण्णांची धाकटी बहीण, बिबवेवाडीत ब्लाऊज शिवायचं दुकान. गिऱ्हाइकांना ‘नवरात्रात मिळणार नाही’ असं सांगून, गळ्यात टेप घालून ती आमच्याकडे राहायला आली. पहिल्याच दिवशी तिने पुढच्या खोलीचा कारखाना केला. केबल तिने कपड्यासारखीच मापली, म्हणजे प्रत्येक तुकड्याला दोन बोटं जास्त, ‘धुतल्यावर आटली तर’. बँकेच्या परीक्षेचं पुस्तक तिला फार आवडलं. पीळ सोडवलेल्या तारा त्याच्याखाली दाबून ठेवल्या की इस्त्री केल्यासारख्या सपाट होत. पक्कडीने तिने सुपारी फोडून बघितली. फुटली, पण सुपारीच्या एका तुकड्यावर आठ बारीक खाचा उठल्या आणि तो तिने शेजारणींना दाखवायला ठेवला. आई मात्र वैतागली. तारांचे कापलेले कण घरभर उडत होते. एकदा अण्णांच्या भाकरीत निळा ठिपका निघाला, एकदा बोंबलाच्या चटणीत तांब्याचा बारीक तुकडा. “काटा असेल,” आई म्हणाली. अण्णांनी तो उजेडात धरला. “काट्याला साल नसतं,” ते म्हणाले आणि उरलेली चटणी बोटाने पसरून तपासायला लागले.

सुरुवातीला अण्णा लांब, खिडकीपाशी बसत. पैज लावलेल्या माणसाने कामाला हात लावू नये असं त्यांचं म्हणणं. पण आत्याने एका केबलची टोकं जरा कमी-जास्त कापली आणि त्यांना ते सहन झालं नाही. ते नुसते बघायला उठले. मग नुसतं एक टोक सरळ करून दिलं. मग त्यांनी कपाटातून नकाशाची जुनी पट्टी काढली, चष्म्यावर दुसरा चष्मा लावला, आणि दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा टेबलापाशी मधोमध ते बसले होते आणि आत्या त्यांच्या हाताखाली होती. खोटं कशाला सांगू, त्यांच्याइतकं सुबक टोक मी आजवर पाहिलेलं नाही. आठही तारा कनेक्टरच्या तोंडाशी केसभरही मागेपुढे नसत.

क्रम मी पहिल्या दिवशीच शिकवला होता. पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आत्या तो गाण्यासारखा म्हणत काम करायची. पहिल्या तीन तारा झोकात जायच्या, मग हिरवीच्या जागी निळी आली की तिची जीभ अडखळायची. “मेलं हे दर वेळी तिथेच ठेचकाळतं,” ती म्हणायची. अण्णांचा आक्षेप जास्त गंभीर होता.

“बाकी सगळ्या जोड्या शेजारी-शेजारी,” एके सकाळी ते म्हणाले. “हिरवीची जोडी तेवढी फोडलीय. पांढरी-हिरवी तिसरी, हिरवी एकदम सहावी. म्हणजे तिला दोन निळ्यांना ओलांडून जावं लागतं.”

“हो, अण्णा.”

“का?”

“तसंच असतं ते.” माझी बस जायची वेळ झाली होती.

“तसंच असतं म्हणजे?”

“पुस्तकात तसं आहे.”

“पुस्तक काढणाऱ्याला डुलकी लागत नाही का?”

मी चपला घातल्या आणि पळाले. त्या संध्याकाळी परत आले तर फाटकापासूनच आत्याचं गाणं ऐकू येत होतं. न अडखळता, शिवणयंत्रासारखं एका लयीत. आत आले, हातपाय धुतले, गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसले आणि म्हटलं, “वा आत्या, जमलं की गं आता!”

“तुझ्या बापाने जमवून दिलं,” ती म्हणाली. अण्णा कॅलेंडर सरळ केल्यावर दिसत तसे समाधानी दिसले. मी दुसरी भाकरी घेतली.

प्रत्येक केबल तयार झाली की तिची परीक्षा व्हायची. माझ्याकडे एक टेस्टर होता, दोन छोट्या डब्या. केबलची दोन टोकं दोन डब्यांत लावली की एक ते आठ दिवे ओळीने लागतात. कुठली तार तुटली असेल किंवा दोन टोकांना क्रम वेगवेगळा असेल तर दिवा चुकतो. ही परीक्षा अण्णा घ्यायचे. ते मोठ्याने दिवे मोजायचे, आठवा लागला की “पास” म्हणायचे, आणि आत्या केबलीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारायची. एकही केबल नापास झाली नाही. अण्णा आईला म्हणाले, “खात्यात इतकं स्वच्छ काम झालं असतं तर पानशेतपासून सगळे कालवे आजही वाहिले असते.” ते कालवे आजही वाहतात, पण त्या क्षणी कुणाला तसं सांगवेना.

विजयादशमीला आम्ही सकाळी विहारात गेलो, आणि तिथून तसेच, पांढऱ्या कपड्यांत, बसने सदाशिव पेठेत. आदल्या दिवशी मी आणि अण्णांनी केबली भिंतीच्या कडेने इतक्या सरळ बसवल्या होत्या की बाई दोनदा येऊन बघून गेल्या होत्या आणि काहीच बोलल्या नव्हत्या. बाईंच्या बाबतीत ही मोठी प्रशंसा होती. हॉलमध्ये झेंडूची तोरणं. प्रत्येक संगणकाला हार घातलेला, पडद्यावर हळदकुंकू, हबच्या डबीवरसुद्धा एक फूल. हब म्हणजे सगळ्या केबली ज्यात येऊन मिळतात ती डबी. ती बाईंच्या टेबलावर होती. बाईंचे जुने विद्यार्थी आणि शेजारीपाजारी जमले होते. अण्णांनी शर्टाच्या खिशात टेस्टर आणला होता, कुणी विचारलं तर दाखवायला.

पूजा झाली, बटणं दाबली. बाईंनी आपल्या संगणकावर ‘सुस्वागतम्’ असं लिहून ठेवलं होतं, ते सगळ्या यंत्रांवर उघडायचं होतं. पुढच्या रांगेत, हबच्या जवळ, जिथे केबली आखूड होत्या, तिथे ‘सुस्वागतम्’ टपाटप उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉलच्या शेवटी आणि मागच्या खोलीत, जिथे लांब केबली होत्या, तिथे पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. ते उलटत राहिलं. एका यंत्रावर बऱ्याच वेळाने अर्धं पान उघडलं आणि थांबलं. बाकीची नुसतीच घड्याळ दाखवत बसली.

बाईंनी हॉलभर एक नजर फिरवली. “पुढच्या बाकावरची हुशार आणि मागच्या बाकावरची ढ,” त्या म्हणाल्या. “आपण कुठल्या संस्थेत आलोय, हे यांना लगेच कळलं.”

पाहुणे हसले. मी मागच्या संगणकांची केबल लावायची कार्डं बदलून बघितली, हबमधल्या जागा बदलून बघितल्या, बंद करून चालू केलं. सगळीकडे लागायला हवे ते दिवे लागलेले, आणि तरी घड्याळ उलटतंय. अण्णा माझ्या मागोमाग टेस्टर घेऊन फिरत होते. “केबलीत काही नाही,” ते प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, “हे बघा, एक, दोन, तीन...” आठवा दिवा लागला की ते डबी त्या माणसाच्या नाकापर्यंत नेत. “पास. यंत्रंच नादुरुस्त दिसतात. कुठून घेतली?”

“माझी यंत्रं नवीन आहेत हो,” बाई म्हणाल्या. “हार अजून सुकला नाहीये.”

मी एका मागच्या बाकावर बसले. डोळ्यांसमोर ते जाड पुस्तक आलं, पहिल्या पानासकट. हॉलमध्ये पेढे फिरत होते. आत्या शेजारच्या खुर्चीवर बसून पेढा खात होती, आणि काही करायला नसलं की हात चालतात तशी तिची जीभ चालू होती. हळूच, एका लयीत: पांढरी-केशरी केशरी, पांढरी-हिरवी हिरवी, पांढरी-निळी निळी...

“आत्या,” मी म्हटलं, “परत म्हण.”

तिने परत म्हटलं. कुठेही अडखळली नाही.

“तिसरीनंतर हिरवी?”

“मग काय तर. पांढरी-हिरवीच्या शेजारी हिरवी. अण्णाने तसं करून दिलं ना.”

मी मागच्या संगणकाची केबल काढली आणि कनेक्टर खिडकीच्या उजेडात धरला. चार जोड्या, चार रंग, शेजारी-शेजारी, इंद्रधनुष्यासारख्या सुरेख. “अण्णा,” मी म्हटलं, “हा क्रम तुम्ही बदललात?”

“बदलला नाही,” अण्णा म्हणाले. “दुरुस्त केला. दोन्ही टोकांना सारखा केलाय. दिवे सगळे लागतात.”

“दिवे लागणारच. तारा टोकापर्यंत पोचल्यात, टेस्टरला तेवढंच कळतं.” मग जे त्या सकाळी बस पकडायच्या घाईत सांगितलं नव्हतं ते मी तिथे, हार घातलेल्या संगणकांसमोर सांगितलं. यंत्राचं बोलणं तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरून जोडीने जातं. त्या दोन जागांवरच्या तारा एकमेकींना पीळ घातलेल्याच पाहिजेत. पिळामुळे एकीतला गोंगाट दुसरी मारून टाकते. म्हणून हिरवीची जोडी मधल्या दोघींना ओलांडून बसते. अण्णांच्या मांडणीत तिसऱ्या जागी पांढरी-हिरवी होती आणि सहाव्या जागी निळी, जिचा पीळ पांढऱ्या-निळीच्या गळ्यात. आखूड केबलीत ते खपून जातं. लांब केबलीत बोलण्याचा गोंधळ होतो.

सगळ्यांत आधी आत्याला समजलं. “म्हणजे नवरा एका खोलीत आणि बायको तिसऱ्याच खोलीत,” ती म्हणाली, “मग तिथून ओरडून बोलायचं. एकमेकांना ऐकू येत नाही, आणि मधल्या बिऱ्हाडाला सगळं ऐकू येतं.”

“अगदी तसंच,” मी म्हटलं.

आत्याने पेढा खाली ठेवला आणि भावाकडे बघितलं. “अण्णा, मुद्दाम केलंस ना तू? पोरीला परीक्षेला बसवायला?”

मी अण्णांना रागावलेलं पाहिलं होतं, पण त्या क्षणी ते जसे झाले तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा शर्टाइतका पांढरा झाला. त्यांनी पैज लावली होती आणि पैजेची वस्तू स्वतःच्या हाताने बिघडवली होती. त्यांनी ती बिघडवायला नाही तर सुधारायला हात लावला होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आत्यालासुद्धा. पण ते सिद्ध कसं करणार? “मी?” एवढंच ते म्हणाले. मग चपला घालून, कुणाला काही न सांगता, बाहेर पडले.

बाईंनी दाराकडे बघितलं. “गेले? मुहूर्त तर टळलाच आहे. पेढे संपायच्या आत येतील का?”

आले. शर्टाला घाम, कपाळाला गर्दीतला गुलाल, हातात कनेक्टरची पिशवी आणि एक विकतची, कारखान्यात केलेली छोटी केबल. चालत बुधवार पेठेत गेले होते. दगडूशेठच्या बाजूच्या गर्दीतून वाट काढून एक उघडं दुकान त्यांनी शोधलं होतं, आणि दुकानदाराला केबल हातात घेऊन विचारलं होतं की हिरवी तार सहाव्या जागी का. दुकानदाराने उत्तर दिलं होतं, “काका, आज दसरा आहे. घ्यायची तर घ्या.” ती केबल घेऊन ते खिडकीपाशी उभे राहिले. दुसरा चष्मा चढवून बराच वेळ कनेक्टरकडे बघत होते.

“कारखान्यातसुद्धा हेच केलंय,” शेवटी ते म्हणाले. आवाजात किंचित निराशा होती, जणू एवढ्या मोठ्या कारखान्यात एक तरी नकाशा काढणारा माणूस असायला हवा होता. मग त्यांनी खिशातून पट्टी काढली. “चला. लांब केबलींची सगळी टोकं कापा.”

आम्ही टाइपरायटर बाजूला सारून त्या बाकांवरच बसलो. आत्या साल काढत होती, मी पक्कड चालवत होते, आणि मध्ये अण्णा तारा लावत होते. अडचण अशी झाली की त्यांचा हात ऐकेना. पांढरी-हिरवीनंतर बोटं आपोआप हिरवीकडे जायची. दोन कनेक्टर तसेच वाया गेले. आत्याने तर जुनं गाणं आठवायचा प्रयत्न केला आणि नव्यातच घसरली. तेव्हा लिमये बाई उठल्या. त्यांनी टंकलेखनाच्या तासाला वापरायची लाकडी पट्टी हातात घेतली आणि डिक्टेशनच्या आवाजात, प्रत्येक रंगाला टेबलावर एक ठोका देत सुरू केलं: “पांढरी-केशरी. केशरी. पांढरी-हिरवी.” इथे त्या थांबल्या, अण्णांकडे चष्म्यावरून बघितलं आणि दोन ठोके जोरात दिले. “निळी! लक्ष कुठे आहे?”

“निळी,” अण्णा म्हणाले.

“पांढरी-निळी. आता हिरवी. घाई नाही, चूक नाही. पुढचं टोक.”

सरकारी खात्यात ज्यांना वरिष्ठही अहो-जाहो करत, ते आमचे अण्णा टायपिंगच्या बाकावर ताठ बसून बाईंच्या पट्टीबरोबर रंग लावत होते. शेवटी शेवटी तर ते तिसऱ्या तारेनंतर स्वतःच मान हलवून ते दोन ठोके मोजायला लागले. पाहुण्यांपैकी कुणी घरी गेलं नाही. एका आजींनी आत्याला विचारलं, हे भरतकाम कुठल्या क्लासमध्ये शिकवतात.

उन्हं कलायला लागली तेव्हा आम्ही केबली लावल्या. मी मागच्या खोलीतल्या शेवटच्या संगणकापाशी गेले. अण्णा आले नाहीत. ते हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथली एक सरळ तसबीर आणखी सरळ करत राहिले. मी फाइल उघडली. घड्याळ आलं, एकदा उलटलं आणि गेलं. ‘सुस्वागतम्’. मग शेजारच्यावर, मग त्याच्या शेजारच्यावर.

“झालं!” मी ओरडले.

“सगळी?” भिंतीकडूनच अण्णांनी विचारलं.

“सगळी.”

“ढ मुलं उशिरा का होईना, बोलली,” बाई म्हणाल्या आणि उरलेल्या पेढ्यांपैकी एक त्यांनी अण्णांच्या हातावर ठेवला. “तुमचा हात चांगला आहे. टायपिंग शिकायचं असेल तर सकाळची तुकडी मोकळी आहे.”

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीपाशी, मी शेजारी, आत्या पुढच्या सीटवर. तिच्या साडीला साल काढलेले रंगीत तुकडे चिकटले होते. संगम पूल ओलांडल्यावर मीच विचारलं, “अण्णा, मुहूर्त तर टळला होता. मग पैजेचं काय?”

“मी विजयादशमी म्हटलं होतं,” अण्णा म्हणाले. “मुहूर्त त्या बाईंचा. माझ्या बोलण्यात मुहूर्त नव्हता.”

पुढे आणखी दोन थांबे गेले. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ते पुस्तक तारा दाबायलाच राहू दे. वजन चांगलं आहे त्याचं.”

पुढच्या सीटवरून आत्या वळली. “मी मघाशी बोलले ते मनावर नको घेऊ हं.”

“मी घेतलं नाही,” अण्णा म्हणाले. “फक्त पुढच्या वेळी मी ‘का’ विचारलं की बस सोडा, पण उत्तर द्या.” हे मला होतं. आजही माझ्या हाताखालच्या मुलामुलींपैकी कुणी ‘का’ विचारलं तर मी हातातलं काम ठेवते. ग्राहकांना ते आवडत नाही.

बाईंच्या पुढच्या रांगेतल्या आखूड केबली तशाच राहिल्या होत्या, कारण त्या चालत होत्या आणि चालणाऱ्या वस्तूला हात लावायला बाईंची परवानगी नव्हती. कितीतरी वर्षांनी संस्था बंद झाली तेव्हा बाईंनी त्यातली एक मला परत पाठवली, पांढऱ्या दोऱ्याच्या गाठीसकट. लांबी दीड मीटर, अधिक आत्याची दोन बोटं. ती मी आमच्या दिवाणखान्यात राउटरला लावलीय. परवा नवीन इंटरनेट जोडायला कंपनीचा माणूस आला होता. त्याने ती केबल काढली, कनेक्टर उजेडात धरला आणि हसला.

“मॅडम, ही कुणी केलीय? ह्याच्यात तारांचा क्रम साफ चुकलाय.”

अण्णांना आता कमी ऐकू येतं. जेवायला चला म्हणून तीनदा हाका माराव्या लागतात. पण आतल्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग, अगदी स्पष्ट, शब्द आले.

“चुकलेला नाही! दुरुस्त केलेला आहे!”

त्या माणसाने माझ्याकडे बघितलं.

“लावा तशीच,” मी म्हटलं. “आखूड आहे. चालते.”